पावसात चालणं बंद पडलं की: चाळिशीनंतर दोरीवरच्या उड्या कशा सुरू कराव्यात

जूनमध्ये पाऊस लागला की गोव्यातल्या आमच्या डिचोलीतली सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ एकदम ओसरते. दोन दिवस कुणी छत्री धरून जातं. तिसऱ्या दिवशी ट्रकने उडवलेलं लाल पाणी अंगावर घेऊन परत येतं आणि मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, उलटल्यावरच बूट बाहेर काढतं. मीही त्यातलीच. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, साखर काठावर आल्याचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा बाहेर अशीच धार लागली होती. घराला व्हरांडा आहे, आणि भाचीची शाळेतली दोरी खुंटीला होती.

पहिल्या दिवशी अकरा उड्या झाल्या आणि मी पायरीवर बसले. पण दम दिवसागणिक वाढत गेला तसा जोर चढला. पंधरा दिवसांत रोजच्या आठशेवर गेले, सुट्टी न घेता, अनवाणी, टाइल्सवर. तिसऱ्या आठवड्यात कदंबा बसमधून उतरताना दोन्ही नडग्यांत अशी कळ आली की दांडा धरून तशीच उभी राहिले आणि मागचे लोक ओरडायला लागले. पुढे सहा आठवडे सगळं बंद. फिजिओथेरपिस्टने तेव्हा सांगितलेलं आणि नंतर मला स्वतःला कळलेलं असं दोन्ही इथे लिहिते आहे. शाळेनंतर ज्यांनी दोरी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी हे आहे. विशीतल्या पोरांनी वाचलं नाही तरी चालेल, त्यांच्या पोटऱ्या अजून माफ करतात.

दोरी इतकी दमवते का

व्यायामातला खर्च मोजायला 'मेट' नावाचं एक माप वापरतात. नुसतं बसून असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तो १ मेट. याच्या २०११ च्या तक्त्यात भरभर चालणं, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास, ४.३ मेटचं आहे. ताशी ८ किलोमीटरने धावणं ८.३. दोरीवर मिनिटाला १०० ते १२० उड्या मारल्या तर ११.८, म्हणजे जवळजवळ ताशी १२ किलोमीटरने धावण्याइतका. पाच मिनिटांत एक किलोमीटर! आयुष्यात बस पकडण्यापुरतीच धावलेली बाई पहिल्याच दिवशी या वेगाने धावायला निघाली तर अकराव्या उडीला बसणारच.

बरं, हळू मारू म्हटलं तर तेही जमत नाही. शंभरच्या आत राहिलं तरी खर्च ८.८ मेट. त्याहून फार हळू फिरवली तर दोरी ढिली पडून पायात येते. चालताना वेग आपण हवा तसा कमी करतो, दोरीला असा पहिला गिअर नाहीच. म्हणून नवख्या माणसाने तो गिअर विश्रांतीतून काढायचा. थोड्या उड्या, बराच थांबा, परत थोड्या. पुढचं सगळं वेळापत्रक याच हिशोबावर आहे.

दुसरी गोष्ट मला महागात पडली. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत सुधारतात. पोटरीची शीर, म्हणजे टाचेला जोडणारा जाड कंडरा, आणि नडगीचं हाड यांना मात्र महिने लागतात, कारण कंडऱ्याला रक्तपुरवठा कमी आणि हाड तर सावकाशच घट्ट होतं. म्हणजे दम सांगतो 'अजून मार', आणि पाय तोवर तयार झालेले नसतात. त्या काळात दमाचं ऐकायचं नाही.

व्हॉट्सॲपवर 'दहा मिनिटं दोरी म्हणजे अर्धा तास धावणं' असं फिरतं. वरचे आकडे बघितले तर ते सरळच फुगवलेलं दिसतं. पण चालण्याच्या तुलनेत मिनिटामागे दुप्पट ते पावणेतीनपट काम होतं हे खरं, आणि ज्यांच्याकडे सकाळी वीसच मिनिटं असतात त्यांना तेवढं पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करायला सांगते. दोरी जोरकसमध्ये मोडते.

आधी कुणी डॉक्टरांना विचारावं

छातीत कधी दुखलेलं असेल, चढावर धाप लागत असेल, रक्तदाब गोळ्या घेऊनही वर राहत असेल, गुडघ्याची झीज सांगितलेली असेल, कंबरेत मणका दबलेला असेल, तर आधी विचारा. गरोदरपणात नवीन म्हणून दोरी सुरू करू नये. बाळंतपणानंतर किमान तीन महिने आणि डॉक्टरांची हो. वजन खूप जास्त असेल तर काही महिने चालणं किंवा सायकल करून मग दोरीकडे वळलेलं बरं. घोटे आणि गुडघे त्यात वाचतात.

मधुमेहाचं वेगळं सांगते, कारण हा विषय आपल्या घराघरातला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत जास्त. देशाची सरासरी ११.४ टक्के. तळपायाला मुंग्या येत असतील किंवा चप्पल निसटलेली कळत नसेल तर दोरी तुमच्यासाठी नाही, कारण पायाला झालेली जखमही कळणार नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी उड्या नकोत. केव्हा खावं हे डॉक्टरांशी ठरवा आणि गुळाचा खडा हाताशी ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचे ठोके मुद्दाम कमी राखलेले असतात. अशांनी घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये, बोलून बघावं. कसं ते पुढे आहे.

पहिले दोन आठवडे: दोरीला हात लावायचा नाही

हे कुणाला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

घराच्या पायरीवर चवडे टेकवून, टाचा बाहेर ठेवून उभ्या राहा. भिंतीला एक बोट. दोन्ही टाचा वर उचला, वर एक क्षण थांबा, मग तीन अंक मोजत खाली सोडा. खाली सोडणं हळूच हवं, कारण पोटरी आणि कंडरा त्यातच तयार होतात. पंधरा-पंधराच्या तीन खेपा, एक दिवसाआड. मग भिंतीला पाठ लावून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून, फक्त चवडे वर उचला. नडगीच्या पुढच्या बाजूला जळजळल्यासारखं होईल. तेच स्नायू नंतर नडगी वाचवतात. दात घासताना एका पायावर उभं राहण्याचा सराव करा, आधी उजव्या, मग डाव्या. दुसऱ्या आठवड्यात एका पायावर टाच उचलणं, प्रत्येकी दहा वेळा, न दुखता जमलं की पुढे जायचं. नाही जमलं तर तिसरा आठवडाही इथेच. त्यात कमीपणा काही नाही, पाऊस चार महिने असतो.

शेवटच्या चार दिवसांत हात कंबरेशी ठेवून, दोरी नसताना, जागच्या जागी वीस छोट्या उड्या मारून बघा. उडी म्हणजे जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर. तळव्याखालून दोरी जाण्यापुरती जागा लागते, त्याहून वरचं सगळं आदळण्यात जातं. चवडा आधी टेकतो, टाच जमिनीला जेमतेम स्पर्श करते, गुडघे किंचित मोकळे. आवाज ऐका. धप-धप असेल तर उडी उंच आहे.

दोरी

दुकानात चार प्रकार मिळतात. सुती दोरी हलकी असते, हवेत लोळते आणि आमच्याकडच्या दमट हवेत आठ दिवसांत कुबट होते. तारेची पातळ दोरी, जिमवाले वापरतात ती, फार वेगात फिरते आणि पिंडरीवर बसली की वळ उठतो. शिवाय चिऱ्यांवर किंवा कोब्यावर तिचं प्लास्टिक आठवडाभरात घासून जातं आणि आतली तार खाऱ्या हवेत गंजते. नवख्याने तिच्याकडे बघूही नये. पाच-सहा मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची दोरी ठीक, दोनशे-तीनशे रुपयांत मिळते. चौथी प्लास्टिकच्या मण्यांची. मला ती सर्वांत आवडते. वजन असल्यामुळे कुठे आहे ते हाताला कळतं, आणि जमिनीला टेकताना टक् असा आवाज येतो. त्या आवाजावर उडी बसवणं डोळ्यांपेक्षा सोपं जातं.

लांबी अशी बघा: दोरीच्या मधोमध एक पाय ठेवा, दोरीच्या दोन्ही मुठी, म्हणजे हातात धरायच्या दांड्या, वर ताणा. मुठीचा वरचा टोकाचा भाग काखेपर्यंत यायला हवा. खांद्याच्या वर गेली तर लांब, छातीच्या खाली राहिली तर नवख्यासाठी आखूड. ऑनलाइन मागवलेली माझी पहिली दोरी दहा फुटी होती, कमी-जास्त करायची सोय नाही. परत घ्यायलाही विक्रेत्याने टाळाटाळ केली. शेवटी मुठीपासून चार बोटांवर दोन्हीकडे एकेक गाठ मारली आणि प्रश्न मिटला. आधी गाठ मारून आठ दिवस वापरा, मग कापा. कापलेली दोरी वाढत नाही.

नवी प्लास्टिकची दोरी घडीतून काढल्यावर वेलीसारखी वळते. पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवायची आणि दाराला टांगून खाली ओढणारं थोडं वजन लावायचं. मुठी फोमच्या घेऊ नका. पावसाळ्यात त्या घाम पितात आणि जुलैत त्यांच्यावर बुरशी चढते. साध्या प्लास्टिकच्या घ्या, पुसता येतात. बेअरिंग असेल तर महिन्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

बूट हवेतच, घरात असलात तरी. पुढच्या भागाला थोडी गादी असलेले, टाचेला फार उंच नसलेले. नाड्या आत खोचा. बायकांनी व्यायामाची घट्ट ब्रा घ्यावी, रोजची चालत नाही. यात कंजूसपणा करून दोरीवर तीनशे जास्त खर्च करणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत.

जागा

आमच्याकडे जागेची चैन आहे असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात बघा. अंगण: पावसात शेवाळ, पाय सरकलाच. व्हरांडा: जुन्या घराची मंगळुरी कौलं पुढे उतरतात आणि दोरी वाशाला लागते. माझ्या व्हरांड्यात मधोमध उभी राहिले तर बसते, एक पाऊल पुढे गेले की टकरावते, म्हणून लादीवर खडूने फुली मारून ठेवली आहे. खोली: पंखा. दोरी डोक्यावरून साधारण हातभर वर जाते, म्हणून आधी दोरी न फिरवता हात वर करून अंदाज घ्या आणि पंखा बंद ठेवा. मी एकदा ट्यूबलाइट फोडली आहे.

पणजी, पर्वरी, मडगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, तुमची लादी हे खालच्यांचं छप्पर आहे. सकाळी साडेपाचला त्यांच्या डोक्यावर ढोल वाजवलात तर सोसायटीच्या सभेत तुमचं नाव निघेल. खांबांमधलं पार्किंग गाड्या बाहेर गेल्यावर उत्तम, छत आहे आणि उंची आहे.

कोबा आणि टाइल्स कडक. त्यांवर रबराची जाड मॅट घाला, सहा-आठ मिलिमीटरची, खाली न सरकणारी. पातळ योगा मॅट पायाबरोबर चालायला लागते आणि दोरीने कापली जाते. फार मऊ, गादीसारखी मॅटही नको, घोटा डगमगतो. दिवाळीनंतर गावात तुळशीच्या लग्नासाठी सारवलेलं अंगण मिळालं तर त्याच्यासारखी जमीन नाही, फक्त सारवण उकरलं म्हणून बोलणी खायची तयारी ठेवा.

आणि मिरामार. समुद्राकाठी दोरी मारण्याचे फोटो छान येतात. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पोटरी दुप्पट राबते, ओली वाळू पाण्याकडे उतरती असते म्हणून एक पाय कायम खाली. वर दोरी ओली वाळू उचलून तोंडावर मारते. वाळूत चाला, दोरी घरी.

हात आणि दोरी जुळवणं

तिसऱ्या आठवड्यात दोरी हातात घ्या, पण उडी नको. दोन्ही मुठी उजव्या हातात धरा, दोरी शरीराच्या बाजूला फिरवा. कोपर बरगडीजवळ, हात कंबरेच्या उंचीवर, फिरतं ते फक्त मनगट. खांद्यातून हात फिरवणं ही आपली सगळ्यांची शाळेतली सवय, ती इथेच मोडायची. दोरी जमिनीला टेकून टक् झालं की छोटी उडी मारा. दोरी पायाखाली नाहीच, त्यामुळे अडखळायची भीती नाही. वीस झाल्या की डाव्या हातात. डावा हात मंद निघेल, जवळजवळ सगळ्यांचा निघतो.

हे दोन दिवस केलं की दोरी पाठीमागे घेऊन उभ्या राहा. एकदा फिरवा, एक उडी, थांबा. परत एक. पाच वेळा एकेक नीट झाली की दोन-दोन, मग पाच-पाच. नजर समोरच्या भिंतीवरच्या एका बिंदूवर. पायांकडे बघितलं की मान वाकते, मागोमाग पाठ वाकते आणि दोरी लहान पडते.

मी अशी धडपडत असताना सासूबाई सोप्यावर बसून सुपातले तांदूळ निवडत होत्या. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तू श्वास धरून ठेवतेस. चवथीला आम्ही फुगडी घालतो तेव्हा 'फू' म्हणतो ते काय उगाच?" खरंच मी श्वास कोंडून मारत होते. दर दोन-तीन उड्यांना तोंडाने फू करून सोडायला लागले आणि त्याच दिवशी बारावरून वीसवर गेले. ज्या बायका अजून चवथीला फुगडी घालतात त्यांना दोरी लवकर येते हे मी चार-पाच जणींत पाहिलं आहे. ठेका पायात असतो.

कुठे अडकते त्यावरून चूक कळते. प्रत्येक वेळी एकाच अंगठ्याला लागत असेल तर त्या बाजूचा हात मागे राहतो. सुरुवात बरी होऊन आठ-दहा उड्यांनंतर अडकत असेल तर दमल्यामुळे हात बाजूला पसरत आहेत, आणि हात पसरले की दोरी तेवढी आखूड होते. मग काखेत घडी केलेला रुमाल धरून मारा. रुमाल पडला की कोपर सुटलं. केसांना लागत असेल तर दोरी खरोखरच आखूड आहे. पायाच्या बरंच पुढे जमिनीवर आपटून उसळत असेल तर लांब. दोरी टाचांना लागत असेल तर बहुतेक तुम्ही पाय मागे झाडता आहात, गाढवासारखे. गुडघे छातीकडे ओढणारेही असतात. आरशासमोर एकदा मारा, किंवा घरातल्या कुणाला बाजूने मोबाइलवर शूट करायला सांगा. बघायला अवघड जातं, पण उपयोग होतो.

एका फेऱ्यात दोन उड्या, म्हणजे एक खरी आणि मधली एक उगाच, असं बहुतेकांचं सुरुवातीला होतं. महिनाभर चालू द्या. पुढे दोरीचा वेग जरा वाढवला की मधली आपोआप गळते.

वेळापत्रक

आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस मोकळा. आधी पाच मिनिटं घरात चालणं, घोटे फिरवणं, दहा-पंधरा टाचा उचलणं.

दोरी जुळली की पहिले दोन आठवडे: १५ सेकंद उड्या, ४५ सेकंद थांबा, अशा ८ फेऱ्या. सगळ्या मिळून उड्यांची फक्त दोन मिनिटं. ६५ किलोच्या माणसाच्या यात फार तर पंचवीस कॅलरी जळतात, चहातल्या दीड चमचा साखरेएवढ्या. तेव्हा वजनकाट्याकडे या काळात बघू नका, पाय घडवणं एवढंच काम आहे. अडखळलात तर त्या पंधरा सेकंदांतच परत सुरू करा, वेळ वाढवून घेऊ नका.

त्यानंतरचे दोन आठवडे २० सेकंद उड्या आणि ४० थांबा, १० फेऱ्या. मग दोन-तीन आठवडे ३० आणि ३०. या टप्प्यावर मी दीड महिना राहिले, आणि मला वाटतं चाळिशीनंतर बहुतेकांनी राहावं. तिथून ४५ सेकंद उड्या आणि ३० थांबा, आणि चौथ्या महिन्याच्या आसपास एक मिनिट उड्या, अर्धा मिनिट थांबा, १० फेऱ्या. इथे आलात की आठवड्याला उड्यांचीच तीस मिनिटं होतात. उरलेली कसर चालून भरा. रोज दोरी मारायची गरज मला अजूनही वाटत नाही.

थांब्यात बसू नका, जागच्या जागी पाय हलवत राहा. थांबा संपताना एक वाक्य मोठ्याने बोलून बघा. मी घरातल्यांना 'पोदेर आला काय बघ' म्हणते, पोदेर म्हणजे आमचा पाववाला. ते सलग म्हणता आलं तर पुढची फेरी. मधे श्वास घ्यावा लागला तर थांबा अजून अर्धा मिनिट वाढवा. पोदेर साधारण सहा-साडेसहाला भोंगा वाजवत येतो आणि मार्च ते मे महिन्यांत दोरी त्याच्या आधीच आटोपलेली बरी. आपल्याकडचा उन्हाळा नुसता तापत नाही, घाम वाळूच देत नाही. मुठी निसटायला लागल्या, डोकं दुखायला लागलं, की त्या दिवसापुरतं पुरे. नंतर पाणी, कोकम सरबत चिमूटभर मीठ घालून, किंवा आडसर, म्हणजे शहाळं. दहाला पेज आहेच.

शेवटी भिंतीला हात लावून पोटरी ताणा, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, प्रत्येकी अर्धा मिनिट.

कुठलं दुखणं चालतं, कुठलं नाही

पोटरीच्या मांसात दुसऱ्या दिवशी ठणका, जिना उतरताना 'आई गं', हे चालतं. दोन दिवसांत जातं. तिसऱ्या दिवशी असलं तर एक दिवस आणखी थांबा.

नडगीच्या आतल्या कडेला हाडालगत लांबट पट्टा दुखत असेल तर दोरी लगेच बंद. माझं हेच झालं होतं. दुखत असताना 'थोडं गरम झालं की जातं' म्हणून मारत राहायचं नाही, गरम झाल्यावर खरंच जातं आणि फसवतं. दहा-पंधरा दिवस विश्रांती, चालणं चालत असेल तर चाला, मग एक टप्पा मागे जाऊन सुरुवात. हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल, रात्रीही, तर ती चीर असू शकते, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सकाळी बिछान्यातून उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली सुई टोचल्यासारखं होत असेल तर तळव्याचा पडदा सुजला आहे, आणि टाचेच्या मागे आखडलेलं असेल तर कंडरा. दोन्हींत उड्या थांबवा, पायरीवरचे टाचांचे व्यायाम न दुखतील एवढे चालू ठेवा. गुडघ्यात सूज म्हणजे डॉक्टर.

छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक थंड घाम: बसा आणि १०८ लावा. दोरीने अंग आंबलं असेल म्हणून वाट बघत राहू नका.

आता जे बायका एकमेकींनाही सांगत नाहीत ते. उड्या मारताना थेंब-दोन थेंब लघवी सुटते. बाळंतपण झालेल्या कितीतरी जणींना हे होतं आणि त्या दोरी खुंटीला टांगून 'मला जमलं नाही' म्हणतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याचं ते लक्षण आहे आणि व्यायामाने बऱ्याचदा सुधारतं. लघवी अडवताना जे आवळतं ते पाच सेकंद आवळून धरायचं, पाच सेकंद सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि हे लघवी करताना नाही, एरवी. दोन-तीन महिने द्यावे लागतात. तोवर उड्यांऐवजी दोरी बाजूला फिरवत फक्त टाचा उचला, ठेका तोच राहतो. फरक पडला नाही तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांना दाखवा. दोरीआधी लघवीला जाऊन येणं हा साधा उपाय आहेच.

तीस-तीस सेकंद आरामात जमले की पाय बदलून मारून बघा, म्हणजे जागच्या जागी धावल्यासारखं, एका फेऱ्याला एक पाय. दोन्ही पायांनी उडण्यापेक्षा दम याला कमी लागतो असं मला वाटतं, पण भार एका पायावर येतो म्हणून पहिल्या आठवड्यात निम्मीच वेळ. पुढे-मागे, डावी-उजवीकडे असे प्रकार सहा महिन्यांनी. हात ओलांडून मारणं भाचीला येतं. मला अजून येत नाही, आणि त्या नादात मी दुसरी ट्यूबलाइट फोडणार नाही.